जिल्हा करीमनगर

आमच्याकडे द्वारका चौकाच्या अलीकडे पडदे शिवणारे एक भाऊ आहेत. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि मशीन अडलं की दोन्ही! गाव कुठलं असं नुसतं विचारा, मशीन थांबवून, मान ताठ करून सांगणार, "जिल्हा करीमनगर." त्यांचं गाव नव्या जगित्याल जिल्ह्यात गेलं त्याला कितीतरी वर्षं झाली, पण यांना ते मान्यच नाही. "आक्का, जिल्हा सरकारने बदलला, मी नाही बदलला."

परवा त्यांच्या मुलीला बघायला तिकडची मंडळी आली. मलाही बोलावलं होतं. मुलगा मुलीच्या मनात भरलेला. आणि वहिनी माझ्या कानात सांगतात काय, तर मुलाचे वडील त्या नव्या जिल्ह्यासाठी उपोषणाला बसलेले! आता हे करीमनगर म्हणणार आणि सोयरीक मोडणार!

पाहुण्यांनी तेलुगूत काहीतरी विचारलं. मला त्यातलं जिल्हा तेवढं कळलं.

भाऊंनी मुलीकडे पाहिलं. मग मान ताठ करून म्हणाले, "जगित्याल!"

पाहुणे हसले, मी तर टाळीच वाजवली बाई! इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि तोही इतका सफाईदार, की पडदे शिवता शिवता आठवडाभर घोटत असावेत.