पट्ट्यातली गाठ

माझा थोरला भाऊ संगीतकार आहे आणि वर कादंबरीकारही. दोन्हींपैकी एक काम जरी त्याला नीट जमलं असतं, तरी मी हे लिहायला बसले नसते.

वडील गेल्यावर आमच्याकडे दोन खोल्या उरल्या. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मागच्या खोलीत त्याचा पियानो, मध्ये पडदा. पियानोचे चार सूर मुके होते. उरलेल्यांतून दादा जे काही काढायचा ते ऐकून मला त्या चौघांचं कौतुक वाटायचं. दंतमंजनाच्या जाहिरातीची धून, शाळेच्या कवायतीचा बँड, असली कामं तो करायचा आणि आव मात्र असा आणायचा, की जगाने श्वास रोखून ठेवलाय. मी पायडल मारायला लागले की आतून ओरडायचा, "अगं, तुझी खटखट बंद कर! मला सुचत नाही!" मी थांबायचे. तरी त्याला सुचायचं नाही.

एकदा माझ्या मशीनचा चामडी पट्टा तुटला. त्या आठवड्यात शाळेचे साठ गणवेश द्यायचे होते, नवा पट्टा आणायला सवड कुठली! मी दोन्ही टोकांना भोकं पाडून जाड सुतळीने गाठ मारली. ती गाठ चाकावरून जाताना मशीन क्षणभर अडखळायचं आणि मग झटक्याने पुढे पळायचं. शिवताना मला गुणगुणायची सवय. मशीन अडखळलं की माझं गाणंही अडखळायचं, मग झटक्याने पुढे. साठ गणवेश होईपर्यंत त्याची एक चालच बसून गेली. आणि त्या वेळी दादा आतून ओरडला, "थांबू नकोस! चालू ठेव!"

मला वाटलं, भावाला माया फुटली.

महिन्याभरात ती चाल रेडिओवरच्या नाटकाच्या सुरुवातीला वाजली. गाठीसकट. लोक रस्त्याने शीळ घालत जायला लागले. जाणकारांनी त्या अडखळण्यावर लेख लिहिले, दादाने त्याचं नाव ठेवलं 'थबकलेली मात्रा'. ती त्याला म्हणे संध्याकाळी नदीकाठी सापडली. नदीकाठी! डासांच्या भीतीने जो माणूस चार वाजता खिडक्या लावून घेतो, तो नदीकाठी काय शोधायला जाणार?

मी एकदाच विचारलं. "दादा, ती चाल माझी ना रे?"

"खटखट आणि संगीत यांत फरक असतो, बाई," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

मला त्याचं मानपत्र नको होतं. त्याने एकदा माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने 'ती गाठ तुझी' एवढं म्हणावं, इतकंच हवं होतं. तीस वर्षं मूग गिळून बसले ती तेवढ्यासाठी.

पुढे दुसरी चाल काही त्याला सापडली नाही, म्हणून तो कादंबऱ्या लिहायला लागला. तीन लिहिल्या. तिन्हींत एक थोर संगीतकार खिडकीत उभा असतो आणि त्याला कोणी समजून घेत नाही. तिसरीत त्याला एक बहीण आहे. ती मागावर विणते, मागाच्या पट्ट्याला गाठ असते आणि तिचं गुणगुणणं भाऊ चोरतो! शेवटी भाऊ तिच्या उशाशी बसून रडत कबुली देतो. ती खोकत खोकत म्हणते, "दादा, ते तुझंच रे," आणि एकशे चाळिसाव्या पानावर मरते. मेलेल्या बहिणीची माफी मागायला काय जातंय! समीक्षकांनी लिहिलं, केवढी ही कल्पनाशक्ती. त्याच्या कादंबऱ्या टाइप करणारी वहिनी मला म्हणाली, "मी तुझा खोकला दोन पानांनी कमी केला गं, लवकर सुटलीस." त्या घरात थोडी लाज शिल्लक होती ती वहिनीकडे.

गेल्या महिन्यात दादा माझ्या शिलाईच्या दुकानात आला. आता सत्तरी उलटलेली, गळ्याला मफलर. नव्या सभागृहाच्या उद्घाटनासाठी त्याच्याकडून धून हवी होती आणि चार दिवस राहिले होते. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून म्हणाला, "सहज आलो. तू तुझं काम कर. मशीन चालव."

मी चालवलं. त्याने डोळे मिटले, बोटं गुडघ्यावर ठेवली. मी एका गिऱ्हाइकाच्या पडद्याची एक अख्खी कड शिवून काढली. नवा पट्टा, मशीन लोण्यासारखं चाललं. त्याची बोटं हलेनात.

"हे नाही गं," तो एकदम चिडून म्हणाला. "तुझी ती गाठ कुठे गेली?"

तीस वर्षांनी बोलला! आणि आपण काय बोललो याचा त्याला पत्ताही नव्हता. मी ज्यासाठी जीव टांगणीला लावून बसले होते ते वाक्य त्याने 'चहा कुठे गेला' असं विचारावं तसं विचारलं. मला रडू यायला हवं होतं, पण आली ती किळस.

जुना पट्टा बटणांच्या डब्यात होता, माझ्या कोपराशी. मी डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

"बाई, बघतेस काय? कुठे आहे ती?"

"ती मेली ना, दादा," मी म्हटलं. "एकशे चाळिसाव्या पानावर."

आणि पडद्याची दुसरी कड सुईखाली घेतली.