आईच्या नावाचा रकाना

केरू एसीवाला दुबईत कुठेही गेला तरी लोक त्याच्याशी आधी अरबीत बोलतात. घारे डोळे, पिंगट केस, सहा फुटांचा देह. मॉलचे रखवालदार त्याला सीरियातला समजून 'हबीबी, हबीबी' करतात आणि याने "क्या हुआ भाई?" म्हटलं की त्यांचं तोंड पाहण्यासारखं होतं. मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पात एका खोलीत आठ जणांत राहणारा हा माणूस साताऱ्याकडच्या एका अनाथाश्रमात वाढला. तिथली पोरं त्याला 'साहेब' म्हणून चिडवायची. बाप कोणीतरी गोरा असणार, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण केरूला बापाचं काही पडलं नव्हतं. त्याला आईचं नाव हवं होतं.

पासपोर्टावर, व्हिसाच्या कागदावर आईच्या नावाचा रकाना असतोच. केरूच्या रकान्यात 'शोभना' आहे. शोभनाताई म्हणजे आश्रम चालवणाऱ्या बाई. ज्या पोराला कोणी नाही त्याच्या कागदावर त्या बिनदिक्कत आपलं नाव घालायच्या. स्वतः बिनलग्नाच्या, आणि कागदोपत्री चौतीस लेकरं! भली बाई होती. पण चौतिसांत वाटलेली आई एकेकाच्या वाट्याला किती येणार?

ऊद मेथा भागात राहणाऱ्या छायाताई शाळेत शिकवतात. त्यांचा एसी उघडून बसलेला असताना केरू एकदा हे सगळं बोलून गेला. पुढच्या सुट्टीत त्यांचा अमेरिकेतला भाऊ थुंकीवरून नातेवाईक शोधायची डबी घेऊन आला. केरू लाजत लाजत नळीत थुंकला. चार महिन्यांनी उत्तर आलं. अमेरिकेतली एक मुलगी त्याच्या रक्ताची निघाली. तिचे आजोबा सत्तेचाळीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एका धरणावर यंत्रं बसवायला आले होते. ते जिवंत होते आणि येत्या रविवारी व्हिडिओवर बोलायलाही तयार होते.

नेमकी पासपोर्टाची मुदत संपत आली होती. सरकारी कागद भरून देणाऱ्या टायपिंगच्या दुकानातला परेश अर्ज भरायला बसला, तर केरूने त्याचा हात धरला.

"अभी रुको. रविवार के बाद आता हूँ. माँ का असली नाम लेके."

"अरे केरूभाई, ऐसे थोडी बदलता है! कागज लगता है."

"कागज भी आएगा. पहले नाम तो आने दो."

रविवारी केरूने दोनदा दाढी केली. खोलीतल्या मिथुनचा शर्ट इस्त्री करून घातला आणि दिलेल्या वेळेच्या तासभर आधी छायाताईंच्या दारात जाऊन उभा राहिला. इंग्रजीसाठी त्यांची नववीतली मुलगी मैथिली लॅपटॉपपुढे बसली.

पडद्यावर म्हातारा आला. नाकात नळी, आणि डोळे थेट केरूचे. केरूला पाहिल्याबरोबर तो रडायला लागला. "माय सन," म्हणाला. केरूने हात जोडले. पण तो मुद्द्यावरून हलला नाही.

"मैथिली, त्यांना विचार, माझ्या आईचं नाव काय?"

म्हाताऱ्याने नाकातली नळी नीट केली. मग बराच वेळ बोलला. मैथिली काही सांगेना.

"काय म्हणाले?"

"अंकल, ही इज... ही इज थिंकिंग."

पोरीला खोटं बोलता येत नव्हतं. अठरा वर्षं इंजिनिअरांच्या शिव्या खाल्लेल्या केरूला 'सॉरी' कळत होतं. मधे एकदा 'बाई' हा शब्दही त्याने ऐकला होता. तेवढ्यात म्हाताऱ्याने एक जुना फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. धरणावरच्या अकरा बायका, डोक्यावर घमेली, कपाळापर्यंत पदर, उन्हाने बारीक झालेले डोळे.

"सांग की गं," छायाताई म्हणाल्या.

"वन ऑफ देम," मैथिली खाली बघत म्हणाली. "ही इज नॉट शुअर व्हिच वन. ते लोक सगळ्यांनाच बाई म्हणायचे."

केरू उठून पडद्याच्या अगदी जवळ गेला. "त्यांना म्हणावं, नीट बघा. माझ्या तोंडावर तिचं काही दिसतंय का? नाक, हनुवटी, काहीही?"

म्हाताऱ्याने चष्मा पुसून पुसून पाहिलं. "यू लुक लाइक माय ब्रदर," तो म्हणाला. "एक्झॅक्टली."

हे केरूला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

रागवायचं तरी कोणावर? म्हातारा खरं बोलत होता, हीच तर पंचाईत. 'सखू' म्हणाला असता, 'चंद्रा' म्हणाला असता, तोंडाला येईल ते म्हणाला असता तरी केरूने ते नाव जन्मभर उराशी धरलं असतं. छायाताईंनी चहा पुढे केला. केरूने तो उभ्यानेच घेतला, कप विसळून ठेवला आणि मैथिलीला म्हणाला, "तुझी काही चूक नाही बाळ."

बुधवारी तो टायपिंगच्या दुकानात गेला.

"क्या केरूभाई, मिला नाम?"

केरूने मोबाईल काढून पडद्यावरून टिपलेला अकरा बायकांचा फोटो दाखवला. "इसमें से एक है."

परेशने फोटो पाहिला, केरूकडे पाहिलं, आणि चेष्टा करायचं त्याच्या मनात आलं नाही. "तो क्या लिखूँ?"

"शोभना," केरू म्हणाला. "वही रहने दो."