माझ्या लेथची पूजा

चकात, म्हणजे काम पकडून गरगर फिरणाऱ्या जबड्यात, तो आवळायची किल्ली तशीच राहिली आणि लेथ चालू केला, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. टर्नरला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी किल्ली काढून ठेवूनच चहाला गेले होते. परत येऊन मशीन चालू केलं, तर कानाजवळून वारा गेला आणि मागचा पत्रा धाडकन वाजला. कुणीतरी ती पलीकडच्या बाजूनं पुन्हा चकात खोचून ठेवली होती.

शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर दात काढत होता. "बगत हुतो आक्का, बाईमाणूस कितपत टिकतंय."

मी मशीन बंद केलं, किल्ली उचलली आणि त्याच्या पाठीत हाणली. तो कळवळला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मेस्त्री धावत आला आणि ओरडला ते माझ्यावरच. "बाप्याच्या कामात शिरलीस, मग सोसायला नगो?" सोसायचं म्हणजे डोकं फुटलं तरी गप बसायचं, असा त्याचा हिशेब.

बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना. मी काकतीहून रोज बसनं यायची. बाकी सगळ्या बायका पॅकिंगला, मशीनवर मी एकटी. आमचा जुना टर्नर संक्रांतीला काम सोडून गेला, तेव्हापासून त्याचा लेथ मी चालवत होते. त्या लेथवर माझा जीव होता. टूल कुठं घासतंय हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं. पण मेस्त्रीच्या तोंडी सदा एकच, "माणूस मिळेपर्यंत हाय ती."

आमच्याकडं खंडेनवमीचा एक रिवाज होता. ज्यानं मशीन चालवायचं त्यानंच त्याची पूजा करायची, आणि ज्यानं पूजा केली त्याच्याकडं ते मशीन पुढच्या खंडेनवमीपर्यंत. तो कामावर असताना मध्येच दुसऱ्याला दिलं तर मशीन कोपतं, बोटं खातं, असं सगळे छातीवर हात ठेवून सांगायचे. हजेरीपटापेक्षा हळदीकुंकवाला मान जास्त. म्हणून मी आदल्या दिवशी रॉकेलनं लेथ धुऊन काढला आणि सकाळी घरचे झेंडू घेऊन गेले.

मेस्त्रीनं माझ्यादेखत पूजेचं ताट त्या शेजारच्या ऑपरेटरच्या हातात दिलं.

"माझं मशीन हाय मेस्त्री."

"लोखंडाची पूजा बायकांनी करायची नसत्या. तू गेटवर फोडायच्या कोहळ्यात कुंकू भर. दसरा झाला की पॅकिंगला बस."

मालक तिथंच उभे होते, मोबाइलमध्ये डोकं घालून. मी लेथपुढं जाऊन उभी राहिले. मेस्त्री "बाजूला हो" म्हणाला, मी हलले नाही. मेस्त्रीनं माझी वेणी मुठीत धरली आणि मला खेचलं. मी मशीनचा दांडा सोडेना. त्यानं दुसरा हिसका दिला, तेव्हा कपाळ लोखंडावर आपटलं. डोळ्यांत ऊन ऊन रक्त उतरलं. कोण तरी म्हणालं, "आयला, सोड की तिला." पण पुढं कुणी आलं नाही.

मला दुखत नव्हतं. मला संताप आला होता. मी त्या ऑपरेटरच्या हातातलं ताट ओढलं. मेस्त्री पुन्हा अंगावर आला, तसा मी नारळ उचलून त्याच्या पायाशी फरशीवर आपटला. पाणी उडालं, टवका त्याच्या नडगीला लागला, तो लंगडत मागं सरला. तेवढ्यात मी लेथवर हळद लावली, कुंकू लावलं. बोटांना रक्त होतं, तेही लागलं. झेंडू चकावर ठेवले आणि हात जोडले.

"पूस ते! पूस म्हन्तो!" मेस्त्री त्या ऑपरेटरवर खेकसला.

तो मशीनकडं बघत उभाच राहिला. माझ्या डोक्याच्या वाटंवर किल्ली ठेवणारा हा गडी, पण केलेली पूजा मोडायला त्याचा हात धजेना. "मी न्हाय बा. बोटं जात्यात," म्हणाला. शेवटी मालकांनी मोबाइल खिशात घातला. "झाली पूजा. आता मोडू नगा, मेस्त्री. वरीसभर ऱ्हाऊ दे तिच्याकडं." माझ्या कपाळाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

टाके घालून घरी गेले, तर अण्णा, माझा थोरला भाऊ, काठी घेऊनच उठला. "माझ्या भनीवर हात टाकनारा कोन त्यो? तंगड्या मोडतो त्याच्या!" मला हसू आलं आणि टाके ताणले. आयटीआयला टर्नर घेते म्हटल्यावर यानंच माझ्या कानाखाली जाळ काढला होता. आईनं हळद लावली, "शिवणकाम घ्यायचं हुतंस गं," म्हणून रडली. अण्णा काठी आपटत म्हणाला, "आता घरात बस. असल्या जागी माझी भन कामाला जायाची न्हाय."

मेस्त्रीला जे साधलं नाही ते हा मायेनं करायला निघाला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाले, तर अण्णा दारात आडवा. "न्हाय म्हनलं न्हवं?" मी त्याला ढकलून वाट काढायला लागले, तसा त्यानं हात उगारला. कपाळावर पट्टी, तिच्याच वर तो हात.

"मारायचं तर झटक्यात मार, अण्णा," मी म्हणाले. "माझी बस चुकत्या."

हात तसाच राहिला, वर. मी त्याच्या काखेखालून वाकून बाहेर पडले आणि बस धरली.