चौदा नंबरचं हिरवं बटण

तुमीच सांगा, भरवसा कुणावर ठेवायचा? भिंतीवरच्या तापमान मोजणाऱ्या डबीवर, का खुर्चीत बसून "लय उकडायलंय" म्हणणाऱ्या माणसावर? परभणीत कूलर-पंखे विकण्यात माझी उमर गेली. शाळा दहावीपर्यंत, पुढचं सगळं कूलर खोलून आणि फोनवर व्हिडिओ बघून शिकलो. कूलरच्या जाळीवर धूळ बसते तसे माझ्याकडं किस्से साचतात. कितीही झटका, उरतातच. हे सगळे एकाच अभ्यासिकेतले.

अभ्यासिका शोभाबाईंची. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. माडीवर चोवीस खुर्च्या. बोरी, झरी, पिंगळीकडून पोरंपोरी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला येतात. ऊन तापलं की पोरी गळायच्या. बाई म्हणाल्या, "शेठ, उन्हाळ्यात पोरगी घरी बसली की भाकरी-भांड्यांत अडकते. परत येत नाही. काहीतरी करा."

मी प्रत्येक खुर्चीसमोर छोटा पंखा, तापमान मोजणारा सेन्सर आणि तीन बटणं बसवली. लाल म्हणजे गरम, हिरवं म्हणजे ठीक, निळं म्हणजे गार. कोण किती तापमानाला काय दाबतं ते मशीन टिपतं आणि पुढं ज्याचा त्याचा पंखा आपोआप चालवतं. मधल्या मोठ्या कूलरसाठी भिंतीवर वेगळी डबी; खोलीचं तापमान बघून ती कूलर चालू-बंद करते.

बाई म्हणाल्या, "पोरी टिकल्या तर ठेवते. नाहीतर उचला तुमचं दुकान."

*

पहिला आठवडा खोली अडतीसवर आणि चोवीसच्या चोवीस बटणं हिरवी. मला वाटलं वायरिंग गंडलं. तीन बटणं खोलून बघितली, ठणठणीत.

शेवटी बोरीचा गणेश कानाशी आला. "काका, बाई समोरच बसत्यात. त्यांच्या घरात बसून 'गरम होतंय' कसं म्हणायचं? पाहुणा भाजीत मीठ कमी हाय म्हणतो का?"

बाईंनी त्याच दिवशी आपली खुर्ची जिन्यात हलवली. तासाभरात वीस लाल. बाई स्क्रीन बघून म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस माझा पाहुणचार चालला होता तर."

*

मग मोठा कूलर थांबेचना. भिंतीवरची डबी दुपारी चार वाजले की बेचाळीस दाखवायची. मी सेन्सर बदलला. नवाही बेचाळीस.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जाऊन उभा राहिलो. झरीचा संदीप चहाचा वाफाळता ग्लास घेऊन आला आणि बरोबर डबीखालच्या फळीवर ठेवून वाचायला बसला. कूलरच्या झोतात त्याचीच खुर्ची.

बाईंनी ग्लास उचलून त्याच्या हातात दिला. "चहा तापलाय बाळा, खोली नाही. पी."

*

मे महिन्यात एकदा अवकाळी शिंतोडे पडून गेले. डबी म्हणते एकतीस, आणि सगळी बटणं लाल. मी ठामपणे सांगितलं, "बाई, डबी खोटं बोलत नाही."

"मग बसा."

दहा मिनिटांत सदरा पाठीला चिकटला. हवा आधीच दमट, त्यात माझा कूलर आणखी पाणी मिसळत होता. पंप बंद करून नुसता वारा सोडला, तेव्हा जरा जीव आला.

बाई म्हणाल्या, "डबीला घाम येत नाही, शेठ." दुसऱ्या दिवशी दमटपणा मोजणारा सेन्सर आणून लावला.

*

चौदा नंबरवर पिंगळीची वर्षा. छत्तीस असो नाहीतर अडतीस, हिचं बटण हिरवंच. मशीन शिकून बसलं की या पोरीला वारा लागतच नाही. सगळ्यांचे पंखे फिरायचे, हिचा बंद. जिची तक्रार सगळ्यात कमी, तिलाच वारा सगळ्यात कमी. हे मशीनला शिकवणारा मीच.

विचारलं तर म्हणाली, "काका, दुपारी आमच्या पत्र्याखाली बसून बघा. मग हे ठीकच हाय की." समोरच्या वहीवर घामानं शाई फुटली होती.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: 'ठीक म्हणजे घरापेक्षा बरं असं नव्हे. ठीक म्हणजे वाचलेलं ध्यानात राहील एवढं.' मी चौदा नंबरची जुनी नोंद पुसून टाकली. तिसऱ्या दिवशी तिनं लाल दाबलं. पंखा सुरू झाला तशी तिनं आजूबाजूला बघितलं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्यासारखं.

*

मे संपता संपता वर्षाचे वडील, आबा, आले. गवंडीकाम करतात; नखांत सिमेंट. "पोरीला न्यायला आलोय. अभ्यास घरीबी होतोय."

वर्षानं पुस्तक मिटलं. बाई भांडल्या नाहीत. "न्या की. आधी घडीभर तिच्या खुर्चीत बसा." आणि कुठलं बटण कशाचं ते सांगितलं.

आबा बसले. लगेच हिरवं दाबलं.

वर्षा हळूच म्हणाली, "आबा, खरं दाबा."

आबांनी तिच्याकडं बघितलं. रुमालानं मान पुसली. लाल दाबलं. पंखा फिरला, पुस्तकाची पानं उडायला लागली, तिनं वर हात ठेवला.

उठताना ते मला म्हणाले, "शेठ, असलं घरी बसवता का?"

"बसवतो. पंखा, सेन्सर..."

"पंखा नको. नुसतं बटण."

"नुसत्या बटणानं वारा कसा येईल?"

"वाऱ्याचं माझं मी बघतो. पोरगी तोंडानं सांगत न्हाई. दाबलं तर कळंल मला."

आणि एकटेच जिना उतरले.

रविवारी पिंगळीला जाऊन लाल-हिरवी बटणं बसवली. जे दाबलं त्या रंगाचा दिवा दाराशी लागतो. एक कोरी वही आबांच्या हातात दिली आणि म्हणालो, "ती दाबील तसं रोज लिहायचं. लाल लागलं त्या दिवशी हिरवं मांडायचं न्हाई. तेवढा हिशोब खरा ठेवा, आबा."