पूर एकदाच येणार होता

आमचे सर म्हणजे ट्रिकसीनवाले दिग्दर्शक. गणपतीच्या हलत्या देखाव्यांपासून सुरुवात केलेला हा माणूस थर्माकोल आणि साबणाच्या पाण्यावर पडद्यावर वादळ उठवायचा. बारा वर्षं मी त्यांच्या कॅमेऱ्यामागे उभा होतो. मुंबईच्या निर्मात्यांना मात्र आता सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. सरांनी गयावया करून एक संधी मिळवली. म्हणाले, "पुराचा एक शॉट हाताने करतो. जमला तर सगळा सिनेमा माझ्या पद्धतीने, नाहीतर तुमच्या."

निफाडला द्राक्षांच्या रिकाम्या शेडमध्ये आम्ही तीन महिने गुडघ्याएवढं गाव बांधलं. कौलं, घाटाच्या पायऱ्या, दोरीवर वाळत घातलेली बोटभर लुगडी. शेडचे मालक रोज डोकावायचे.

"लय भारी गाव केलंय सर. बुडवायचं कशाला पण?"

सर नुसते हसायचे. दुसरं गाव बांधायला वेळच नव्हता.

थोडंसं पाणी पडद्यावर थोडंसंच दिसतं. ते नदीचं वाटावं म्हणून कॅमेरा पाचपट वेगाने चालवायचा आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवायचं, मग लाट जड, संथ होऊन येते. हे मला झोपेतही ठाऊक होतं.

पण सरांचा एक नेम होता. मोठ्या शॉटआधी कॅमेऱ्याला हार घालायचा आणि त्याच कॅमेऱ्याने नारळ फोडताना टिपायचं. नारळासाठी मी वेग उतरवला. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, खोबरं वाटलं. माझ्या तोंडात खोबरं होतं तेवढ्यात सर ओरडले, "सोडा पाणी!"

वेग परत चढवायचा राहिला. मूर्खपणा, दुसरं काय!

बादली कलंडावी तसं पाणी भसकन आलं आणि खेळण्यातली घरं वाहून गेली. मॉनिटरवर शॉट पुन्हा लावला तेव्हा तो बघायला आलेले निर्माते चक्क हसले. सरांनी मॉनिटरच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"वेग मीच कमी ठेवायला सांगितला," ते निर्मात्यांना म्हणाले. "माझा अंदाज चुकला."

मी तोंड उघडलं नाही. काम जाईल अशी भीती वाटली, बाकी काही नाही.

त्याच निर्मात्यांनी मला पुढच्या दोन सिनेमांना बोलावलं. सरांना पुन्हा कोणीच बोलावलं नाही. ते देखाव्यांकडे परतले. यंदा देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या हक्काच्या मंडळानेही देखाव्याऐवजी एलईडीचा पडदा आणला.

परवा त्यांच्या घरी गेलो, सगळं बोलून टाकायचं ठरवूनच. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ आले. सरांनी माझी ओळख करून दिली, "हा माझा कॅमेरामन. याचा हात कधी चुकला नाही."

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. तो असता तर बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

मी याही वेळी गप्प बसलो.