डाव्या मडगार्डातलं शिसं

आधी माफी मागतो. आयुष्यभर पंचनामे आणि जबाब लिहिले, लेख कधी लिहिला नाही. शिपाई म्हणून भरती झालो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो आणि निवृत्तीनंतर मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथल्या बाई म्हणाल्या, "नोकरीतला एखादा अनुभव लिहा," म्हणून हे धाडस. नावं कुणाचीच देत नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

एवढी वर्षं नोकरी केली, पण एक प्रकरण मनातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही. एका जुन्या गाडीचा तक्रार अर्ज होता.

तेव्हा मी वसईत होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. मुंबईचे एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. जुन्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद. माणिकपूरच्या एका विधवा काकूंकडून त्यांनी एक परदेशी गाडी घेतली होती, साठ वर्षांपूर्वीची. विक्रीच्या कागदावर काकूंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं, 'गाडीला आजवर कधी धक्का लागलेला नाही.' रंग खरवडला तेव्हा मागच्या डाव्या मडगार्डावर वीतभर लांबीची जुनी दुरुस्ती निघाली. गृहस्थांच्या मते ही फसवणूक होती.

"आता गाड्यांचं पोस्टमॉर्टेमपण आपणच करायचं का, साहेब?" आमचे हवालदार हळूच म्हणाले. मी अर्ज चौकशीवर घेतला.

काकूंचं घर इमारतींच्या मधे उरलेल्या केळीच्या वाडीत होतं. त्यांचे यजमान आखातात नोकरीला होते. तिथेच त्यांनी ही गाडी कुणाकडून तरी वापरलेली घेतली आणि परत येताना बोटीने आणली. अर्ज वाचून दाखवला तेव्हा काकू रागावल्या नाहीत. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"मी लिहिलं ते त्यांच्या शब्दावर लिहिलं," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत सांगायचे, हिला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. मग हे कुठून आलं? एकदा आठ दिवस गाडी मिस्त्रीकडे होती. ब्रेकचं काम आहे असं ते म्हणाले होते." त्यांनी वर पाहिलं. "साहेब, गुन्हा दाखल करायचा तर करा. पण ते माझ्याशी खोटं बोलले का, एवढं मला शोधून द्या."

अशी मागणी माझ्याकडे कुणी कधी केली नव्हती.

मिस्त्री म्हणजे फुलपाड्यात राहणारे एक म्हातारे डेंटर, गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे, मूळचे रत्नागिरीकडचे. तीस वर्षं या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. काकूंच्या यजमानांना ते शेठ म्हणत. शेठ गेल्यावरही दर रविवारी माणिकपूरला येऊन गाडी सुरू करून बघत आणि काकूंच्या हातचं जेवून जात. मी त्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं. दरडावण्याची वेळच आली नाही. अर्ज ऐकला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लिहा साहेब. मीच ठोकली."

ब्रेक बघायला म्हणून त्यांनी गाडी कळंबच्या बाजूला नेली, समोर टेम्पो आला, गाडी मागे घेताना सुरूच्या झाडावर आदळली. आठ दिवसांत ठोकून, भरून, रंग देऊन परत केली. "शेठला काहीच माहीत नव्हतं. ते खरंच बोलत होते. हे जरा ठळक लिहा."

एका तासात उलगडा! मी खूश झालो. आणि इथेच माझी चूक झाली. गाडी डोळ्यांनी पाहण्याआधीच मी संध्याकाळी माणिकपूरला जाऊन तो जबाब काकूंना वाचून दाखवला. मिस्त्री माझ्यासोबत होते, दाराबाहेर उभे.

काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. भिंतीवरच्या फोटोकडे पाहून त्यांनी हात जोडले. मग दाराकडे वळल्या. "तीस वर्षं माझ्या हातचं जेवलास. एकदा सांगता नाही आलं? परत या घरात येऊ नकोस." मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी रीत म्हणून मी गाडी पाहायला गेलो. पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये ती उभी होती. तिथल्या कारागिराने मडगार्डावर नख ओढलं. नखाची रेघ उमटली.

"ही पुट्टी नाही साहेब, शिसं आहे. वितळवून भरलेलं. आता हे काम कुणाला येत नाही. आणि बघा, याच्यावरचा रंगाचा खालचा थर नि बाकी गाडीचा खालचा थर एकच आहे."

थराचं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. शिशाचं मात्र रुतलं. मी मिस्त्रींना पुन्हा बोलावलं आणि काहीच न सांगता विचारलं, "कशाने भरलंत?"

"पुट्टीने. आणखी कशाने भरणार?"

"शिशाचं काम येतं तुम्हाला?"

ते हसले. "पकडलंत. मग खोडा तो जबाब. पण बाईंना सांगू नका."

"का पण?"

"साहेब, शेठने कुठं ठोकली की नाही, मला खरंच माहीत नाही. माझ्याकडे आली तेव्हा ब्रेकचंच काम होतं, पार्ट मिळत नव्हता. पण समजा त्यांनी लपवलं असेल. गेलेल्या माणसाला बाई विचारणार कशा? भांडणार कुणाशी? मी जिवंत आहे. माझ्याशी भांडू द्या."

मी जबाब रद्द केला. प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे, असा अहवाल पाठवला. गृहस्थांनीही ताणलं नाही, गाडी ठेवून घेतली. काकूंना मात्र मी काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? मिस्त्री सुटले तर संशय पुन्हा त्या फोटोवर जाणार होता. एका निर्दोष माणसावर मी आळ राहू दिला आणि वर्षभरात निवृत्त झालो. फुलपाड्यावरून जाताना मान वळवून जायचो, हे कबूल करतो.

कबुली मिळाली की पोलिसाला आपलं काम संपलं असं वाटतं. माणसं भीतीने खोटं बोलतात, फायद्यासाठी बोलतात, हे आम्हाला शिकवलेलं असतं. कुणीतरी दुसऱ्याचं मन सांभाळण्यासाठी स्वतःवर आळ घेईल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते या प्रकरणाने शिकवलं, पण शिकण्याची किंमत मी मोजली नाही. ती मिस्त्रींनी मोजली.

गेल्या वर्षी त्या गृहस्थांचा फोन आला. दुरुस्तीवर आणि बाकी गाडीवर रंगाचा खालचा थर एकच कसा, हे त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं. मागच्या सीटआडच्या पत्र्यावर त्यांना मेणखडूने लिहिलेला, कारखान्यातलाच वाटणारा एक आकडा सापडला. त्याचा फोटो आणि चासी नंबर त्यांनी गाडी बनवणाऱ्या कंपनीला पाठवला होता. अनेक पत्रांनंतर जुन्या नोंदीची प्रत आली. कारखान्यातून निघालेली नवी गाडी बोटीत चढवताना साखळी सुटून डाव्या बाजूवर आपटली होती. ती परत कारखान्यात नेली, मडगार्ड शिशाने भरून दुरुस्त केलं, सगळी गाडी नव्याने रंगवली आणि पुढच्या बोटीने पाठवली. पहिल्या मालकालाही कुणी सांगितलं नव्हतं. काकूंच्या यजमानांनी ती घेतली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मी ती प्रत घेऊन माणिकपूरला गेलो. काकूंनी माझ्याकडून ती दोनदा मराठीत सांगून घेतली.

"म्हणजे ते खोटं बोलले नाहीत."

"नाही काकू."

"मग मिस्त्री का बोलला?"

मी सगळं सांगितलं. माझं गप्प राहणंही सांगितलं. त्यांनी मला चहाही विचारला नाही. मी तसाच उठून आलो.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी फोन वाजला. मिस्त्री होते.

"साहेब, बाई आल्यात. रिक्षाने, एकट्या. तीन जिने चढून. डबा घेऊन आल्यात आणि मला नुसत्या ओरडतायत." त्यांनी फोन बाजूला धरला, मागून काकूंचा आवाज आला. "अजून थांबलेल्या नाहीत."