ताईला दाखवलेलं वर्ष

पोपटीच्या मडक्यात मी भांबुर्ड्याऐवजी रानमोडीचा पाला भरला.

ज्यांना एवढ्यावरच हसू आलं ते आमच्या रायगडातले. बाकीच्यांसाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेतावर मडकं लावतात. तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, मीठ, ओवा. तोंडाशी परत पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि वरून पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. आत जे शिजतं ते पाल्याच्या दमावर, आणि चव म्हणाल तर तीही पाल्याचीच. म्हणजे पोपटीत चुकायला जागा फार नसते. होती तेवढी मी शोधून काढली. रानमोडी हे बांधावर माजलेलं तण. गुरं त्याला तोंड लावत नाहीत.

घरच्या घरी हा घोळ झाला असता तर वर्षभर टोमणे खाऊन सुटलो असतो. पण त्या मडक्यापुढे माझी ताई बसली होती, आणि ती पेणला राहायला येणार की नाही ते त्या दोन दिवसांत ठरायचं होतं.

ताई डोंबिवलीला एकटी राहते. तिचे यजमान गेले, मुलगी बंगळूरला बोलावते आहे, आणि ताईला बंगळूरला जाऊन मुलीच्या घरात पाहुण्यासारखं बसायचं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये खालचा ब्लॉक रिकामा होता. आम्ही दोघं पेणातच वाढलो. आईवडील गेले, घर विकलं गेलं, आणि ‘आठवतं का’ म्हणून फोन करायला आता आम्हाला एकमेकांशिवाय कुणी नाही. मला ती इथे हवी होती. यात गंमत काही नाही, बाकी सगळ्यात आहे.

दिवाळीपासून मी तिच्या मागे लागलो होतो. एकदा फोनवर वैतागून ती म्हणाली, तिथं येऊन मी करू काय, तू तरी करतोस काय वर्षभर? हा टोमणा होता. मला तो प्रश्न वाटला. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करता करता जन्म गेला, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी एक अख्खं वर्ष स्वतःच्या मर्जीने घालवलं होतं, आणि कुणीतरी ते विचारावं असं फार वाटत होतं. मी ठरवलं, हिला वर्षच दाखवायचं. या वर्षात सापडलेलं गाणं, आवडलेला सिनेमा, पुस्तक, एक नवा रस्ता आणि शेवटी पोपटी. जानेवारीत दोन दिवसांसाठी ये म्हटलं, सगळं तयार ठेवतो. बायको म्हणाली, “अहो, त्यांना दोन दिवस नुसतं राहू द्या की.” तिला या कामातली दृष्टी नाही असं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं असतं तर पुढचं सगळं घडलंच नसतं, ही एक चूक राहून गेली.

शनिवारी दुपारी ताई आली. चहा होईपर्यंतच मी फोन काढला. उन्हाळ्यात खाडीकडच्या एका गावात, मिठागरांच्या पलीकडे, मित्राच्या मुलीच्या हळदीला गेलो होतो. तिथे एक म्हातारी धवलारीण धवले गात होती. लग्नातला प्रत्येक विधी ही बाई गाण्यातून लावते, साथीला वाजंत्री नाही, नुसता गळा. मी असं काही आधी ऐकलं नव्हतं असं नाही, पण कधी बसून ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला होता. लगेच फोनवर रेकॉर्ड केलं. पुढे सात-आठ महिने ते गाणं माझ्या डोक्यात वाजत राहिलं, त्यामुळे फोनमधलं लावून बघायची गरज कधी पडली नाही.

ती आता पडली. आधी भांड्यांचा आवाज. मग लांबून तो गळा, आणि त्याच्यावर, अगदी कानाशी, मी. वा, वा. किती जुनं असेल हो हे? आमच्या ताईला ऐकवायला पाहिजे. मग पुन्हा वा. आणि शेवटी मी कुणाला तरी विचारतोय की पंगत बसली काय. ताईने शेवटपर्यंत ऐकलं. ती शाळेत शिकवायची, मुलांचं सगळं ऐकून घ्यायची सवय. मग म्हणाली, “बाई छान गातात. तू श्वास घेतलास तेव्हा ऐकू आल्या.”

बायकोने चहाचा कप तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

गाणं पडलं तरी सिनेमा होता. हा मल्याळी सिनेमा मी पावसाळ्यात एका मित्राकडे पाहिला होता. मल्याळी मला येत नाही, मित्रालाही येत नाही, आणि खालची अक्षरं कशी लावतात ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तरी अडलं नाही. दोन म्हातारे भाऊ, जन्माचं वैर. एक मोठ्या घरात एकटा, दुसरा मागच्या खोलीत. शेवटी मागचा आपली पेटी घेऊन निघतो, ओटीवर दोघं गळ्यात पडून रडतात, आणि मला स्पष्ट दिसलं की धाकट्याने थोरल्याला कायमचं घरी आणलं. मी त्या रात्री झोपलो नाही. ताईला दाखवायला याहून चांगला सिनेमा कोण काढणार.

संध्याकाळी टीव्हीवर लावला. बायकोने दोन बटणं दाबली आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटली. दहा मिनिटांत कळलं की ते भाऊ नाहीत. एक मालक आहे, दुसरा भाडेकरू. सबंध सिनेमा खोली खाली करून घेण्याचा आहे. शेवटी ओटीवर मालक रडतो तो सुटलो म्हणून, आणि दुसरा रडतो कारण त्याला जायला ठिकाण नाही. मी मध्येच एकदोनदा म्हटलं की भाषांतर बरोबर वाटत नाही. ताई माझ्याकडे वळून बघत होती. एका माणसाला घर सोडून आपल्या बिल्डिंगमध्ये यायला सांगताना हाच सिनेमा दाखवायचं कुणाला सुचेल, असं तिला वाटत असावं. तसं ती बोलली नाही. एवढंच म्हणाली की कामं चांगली झाली आहेत.

झोपायला जाताना मी तिच्या हातात पुस्तक दिलं. नदीच्या काठाकाठाने उगमापर्यंत चालत गेलेल्या एका माणसाचं प्रवासवर्णन, वाचनालयातून आणलेलं. वर्षभरात मी कमीत कमी दहा जणांना ते वाचा म्हणून सांगितलं होतं. सकाळी ती चष्मा लावून गॅलरीत बसली होती, पुस्तक संपवूनच. मला बघून म्हणाली, शेवट चांगला आहे. मी लगेच खुर्ची ओढली. म्हटलं, तो परत घरी येतो ते काय लिहिलंय, नाही? दारात आई उभी, अंगण तेच, आणि हा बदललेला.

“कुठल्या पानावर?” तिने विचारलं.

मी म्हटलं, शेवटी शेवटी.

“तो परतत नाही. उगमापाशीच राहतो. आई तर पहिल्या प्रकरणात वारली.”

आता खरं सांगायचं तर पुस्तकाचा शेवटचा भाग मी वाचला नव्हता. माणूस निघाला म्हणजे परत येणार, आणि परत येताना चांगलं लिहिणार, हे मी धरून चाललो होतो. ते दारातलं अंगणातलं मी दहा जणांना सांगितलं. त्यातले दोघं वाचनालयात मला का टाळतात, याचा उलगडा झाला.

मला राग येऊ लागला होता. ताईचा नाही, बायकोचाही नाही. ती तर एक शब्द बोलत नव्हती, तेच जास्त होतं. राग याचा की गोष्टी माझ्याजवळ असताना चांगल्या होत्या. दुसऱ्याला द्यायला गेलो की हातात वेगळंच काहीतरी यायचं.

पण रस्ता आणि पोपटी उरली होती. माझी सासुरवाडी रोहा तालुक्यात, हायवेवर खांब लागतं त्याच्या आतल्या बाजूला. हायवेने जायचं म्हणजे धूळ, वळवलेला रस्ता, पुन्हा धूळ. मी मात्र हिवाळ्याच्या सुरुवातीला आतून एक वाट शोधली होती, गागोद्याच्या अंगाने, शेतांमधून, डोंगर डाव्या हाताला ठेवून. त्या वाटेवर मला एवढं बरं वाटलं होतं की मी स्कूटर थांबवून उगाच उभा राहिलो होतो. आता सगळ्यांना गाडीत घातलं आणि निघालो. ताई खिडकीतून बघत होती, वालाची शेतं, एखादं तळं. छान आहे रे, असं पहिल्यांदाच म्हणाली. मी सुखावलो आणि तेवढ्यात ओढ्यावरची अरुंद मोरी आली. मोरीवर स्कूटर जाते. त्या वेळी स्कूटर गेली होती, हे वर लिहिलंच आहे. गाडी जाणार नव्हती हे तिथल्या म्हशीलासुद्धा कळलं असावं, ती वाट न सोडता बघत राहिली. वळायला जागा नव्हती. मी बरंच अंतर उलटी गाडी चालवली, एका बाजूला ताई खाली उतरून हात दाखवत, दुसऱ्या बाजूला बायको. मग पेणच्या बाजूला परत येऊन हायवे, धूळ, वळवलेला रस्ता.

सासुरवाडीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मेहुण्याने शेतावर मडकं, पेंढा काढून ठेवला होता. पाला मी आणतो म्हणाला, तर मी म्हटलं, हात लावायचा नाही, आजची पोपटी माझी. तीस वर्षं मी तिथे पोपटी खाल्ली आहे, पण जावई म्हणून. जावयाला खाट टाकून देतात आणि मडकं उघडलं की ताट आणून देतात. मेहुण्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या भांबुर्डा विहिरीच्या पल्याड मिळेल. विहीर लांब होती. त्याच्या अलीकडेच बांधावर हिरवागार पाला माजलेला, चुरगळला तर वास येतोय. दोन्ही झुडपांची फुलं वेगळ्या रंगाची असतात, हे मला नंतर प्रत्येकाने एकेकट्याने येऊन सांगितलं.

पेंढा पेटला. सुरुवातीला धुराचा वास आला तो मी थंडीचा म्हणून चालवून नेला. मग वाऱ्याची दिशा फिरली आणि वहिनी पदर नाकाला लावून उठल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, “काय गो वन्सं, या मडक्यात काय मेलंय?”

मेहुणा काठीने राख बाजूला करायला लागला. मडकं सुलटं केलं, तोंडातला पाला ओढला. त्याने तो नाकाशी नेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “भावजी, ही रानमोडी हाय.”

कोंबडीवर, अंड्यांच्या टरफलांवर, शेंगांवर, सगळीकडे तोच वास. मी तरी एक शेंग सोलून खाल्ली. म्हटलं, तशी काही वाईट नाही. मेहुण्याचा कुत्रा शेजारी उभा होता, त्याच्यापुढे कोंबडीचा तुकडा टाकला. त्याने हुंगला आणि तो वहिनींच्या मागे जाऊन बसला.

ताई हसायला लागली. तिचे यजमान गेल्यापासून ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, वहिनींचा हात धरून, आणि वहिनी म्हणत होत्या, व्हय, आमचे भावजी म्हणजे असेच. मला त्या हसण्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. मी मडकं बघत होतो.

जेवायला वहिनींच्या घरी गेलो. सकाळचं वालाचं बिरडं होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, पोह्याचे पापड भाजले. ताई चुलीपाशी पाट घेऊन बसली. कुणी तिला काही दाखवत नव्हतं. वहिनी नवऱ्याची, सुनेची, शेजारणीची गाऱ्हाणी सांगत होत्या आणि ताई तिची सांगत होती. मी दोनदा आत जाऊन वालाबद्दल माहिती द्यायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, तुम्ही भायेर बसा. रात्री ताईने तिथेच राहायचं ठरवलं. आम्ही दोघं पेणला परतलो, खिडक्या उघड्या ठेवून, कारण माझ्या कपड्यांना रानमोडीचा वास होता. बायको म्हणाली, उद्या त्यांना रोह्यालाच गाडीत बसवू. आणि मग आपणहून म्हणाली, तुम्ही उद्या काही दाखवू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोह्याच्या स्टेशनवर भेटलो. ताई सकाळीच वहिनींबरोबर रोह्यात आली होती. बाजार केला होता, नदीवर जाऊन बसल्या होत्या, पिशवीत पोह्याचे पापड होते. दिव्याला जाणारी गाडी लागायला वेळ होता. मी काही दाखवलं नाही. मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता, म्हणून स्टेशनच्या पंख्याबद्दल बोलत होतो.

तीच म्हणाली, येणार आहे मी इकडे. पुढच्या महिन्यात. बंगळूरला कळवते.

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. मग एकदम खूप सुचलं. खालच्या ब्लॉकला रंग लावून देतो, पाणी दोन वेळ असतं, दवाखाना जवळ आहे, वाचनालय तर चालत पाच मिनिटांवर. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली की तिने रोह्यातच दोन खोल्या बघितल्या आहेत, वहिनींच्या बहिणीच्या, नदीकडच्या आळीत. सकाळीच ठरलं.

बायको वहिनींकडे बघायला लागली आणि वहिनी रुळांकडे.

मी म्हटलं, अगं पण रोह्याला का? पेणात काय वाईट आहे? आपलं लहानपण पेणातलं, शाळा पेणातली, बाजारात अजून ओळखतात लोक. सांग ना, पेणात वाईट काय आहे?

“काही नाही,” ताई म्हणाली. “पेणला तू आहेस.”